खुन्याच्या चुका

एपिसोड दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारानं पहिला मार खाल्ला, तो दुधाच्या दुकानात. मारणारी बाई सत्तरीची तरी असेल. तिच्या हातात छत्री होती आणि बाहेर लख्ख ऊन होतं, तेव्हा छत्री तिनं कशासाठी आणली होती हे वेगळं सांगायला नको. आधी तिनं त्याला नीट निरखलं, तोच आहे याची खात्री करून घेतली, आणि मग खांद्यावर, पाठीवर, जिथं बसेल तिथं हाणायला सुरुवात केली.

"पोरगी मरत होती तेव्हा तुम्ही कुठं होतात? चहा ढोसत होतात? इतकी वर्षं बघतेय मी तुम्हाला, आणि ऐन वेळी शेण खाल्लंत!"

"आजी, अहो ती नटी आहे. ठणठणीत आहे. काल रात्री माझ्याशी फोनवर बोलली."

"खोटं बोलू नका! मी तिचे डोळे पाहिलेत!"

दुकानदारानं मध्ये पडून छत्री काढून घेतली आणि लगोलग जमादाराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. फोटोत जमादाराच्या कपाळावर टेंगूळ आहे आणि दुकानदार हसतोय.

जमादार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खुनांच्या त्या मालिकेत तो अकरा वर्षं जमादाराचं काम करत होता, आणि इतक्या वर्षांत खरं नाव घरच्यांच्याही तोंडातून पुसलं गेलं होतं. मालिकेतले साहेब हुशार, देखणे, खुन्याला डोळ्यांनी ओळखणारे. जमादार बावळट. दर आठवड्याला कुणी ना कुणी त्याला तुडवायचं आणि लोक पोट धरून हसायचे. पडद्यावरच्या मारामारीचे दोन धडे त्याच्या हाडीमाशी खिळले होते. मारायचं असेल तर मूठ चार बोटं अलीकडे थांबवायची, आणि मार खायचा असेल तर फटका यायच्या आधीच कोसळायचं. त्यानं आयुष्यात एकाही माणसाला खरा ठोसा मारला नव्हता.

मालिकेच्या नेहमीच्या लेखकाला कावीळ झाली म्हणून हा एपिसोड जमादाराच्या पदरात पडला. दिग्दर्शक म्हणाला, "तू स्वतःचे संवाद सुधारतच असतोस, आता एक अख्खा लिहून दाखव." आणि जमादारानं लिहिला. लिहिला म्हणजे काय, पोटातलं ओकला. एक नवरा. चारचौघांत गोड, घरात राक्षस. बायकोला पट्ट्यानं मारतो, केस धरून फरशीवर आपटतो, एकदा तापलेली इस्त्री तिच्या हातावर टेकवतो आणि शीळ घालत आपला शर्ट पुढे इस्त्री करत राहतो. शेवटी तिला ठार मारतो आणि सांगतो, पडदे काढताना स्टुलावरून पडली. जमादार पडद्याचा वास घेतो. पडद्याला साबणाचा ताजा वास, काठ अजून दमट. धुऊन आत्ताच लावलेले पडदे कुठली बाई काढायला जाईल? अकरा वर्षांत पहिल्यांदाच साहेबांच्या आधी जमादारानं खुनी पकडला.

लोक रडले म्हणतात. रडले असतील. पण बायकोच्या मार खाण्याचा तेवढा तुकडा कापून त्यांनी एकमेकांना पाठवला. कुणी त्याच्यामागे ठेका लावला. कुणी लिहिलं, "इस्त्रीचा सीन बघून अंगावर काटा आला, तीनदा पाहिला." नवऱ्याचं काम करणारा नट बिचारा बायकोसमोर चळाचळा कापणारा माणूस. त्याच्या गाडीची काच फोडली आणि दारावर शेण फेकलं. ज्या हातांनी तो तुकडा पुढे पाठवला त्यातलेच काही हात असणार ते, दुसरे कुठून येतील?

जमादाराला मात्र या सगळ्यांशी कर्तव्य नव्हतं. त्यानं तो एपिसोड एका माणसासाठी लिहिला होता. तो माणूस म्हणजे त्याचे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

आई गेली तेव्हा जमादार शाळेत होता. पुढे त्याला वाढवलं ते ताईनं. त्याची दप्तरं शिवली, त्याच्यासाठी शेजाऱ्यांशी भांडली, नाटकात पहिलं काम मिळालं तेव्हा वडिलांपुढे उभी राहून म्हणाली, "जाऊ दे त्याला, तो दुसरं काही करायच्या लायकीचा नाहीच." अशा ताईच्या हातावर गेल्या वर्षी त्याला एक डाग दिसला. भांडी घासताना बाही वर सरकली आणि दिसला. "पातेल्याचा चटका बसला," ताई म्हणाली. पण पातेलं गोल असतं. डागाला टोक होतं.

त्यानं खोदून खोदून विचारलं. ताईनं शेवटी सांगितलं, इस्त्री टेकवली आणि शीळ घालत राहिले, आणि बाही खाली ओढली. "घर सोड," तो म्हणाला. ताई भांडी घासत राहिली. दाजींच्या अंगावर जावं तर ते दोन जमादारांना एका हातानं उचलतील असे, आणि नंतर त्याची किंमत ताईनंच मोजायची. बोलायची सोय नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तेव्हा तो जळत राहिला, आणि कावीळ झालेल्या लेखकाची जागा मिळताच त्यानं सगळं कागदावर उतरवलं. चोराच्या मनात चांदणं असतं. दाजी शीळ ओळखतील, इस्त्री ओळखतील, सगळी दुनिया त्या नवऱ्यावर थुंकताना बघतील आणि हात आवरतील, असा त्याचा अंदाज होता.

आणि अंदाज खरा ठरतोय असंच वाटलं. एपिसोड संपल्या संपल्या दाजींचा फोन आला.

"जमादार, हात आहे हो तुम्हाला लिहिण्याचा! काय तो नवरा उभा केलाय! आमचं चाहत्यांचं मंडळ वेडं झालंय."

बस, एवढंच. आवाजात राग नाही, खोच नाही. जमादाराला वाटलं, बाण बरोबर बसलाय, माणूस वरवर हसतोय आणि आतून हादरलाय.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला.

"ऐक ना, हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते."

"का? काय झालं तुला?"

"मला कुठं काय झालंय! हेच म्हणाले, तुझा चेहरा उतरलाय, तुला चक्कर येत असणार. डॉक्टरांनाही यांनीच सांगितलं, घरात दोनदा पडली म्हणून. मी कधी पडले रे?"

"मग तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी चौकशी केली. आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला दोरी बांधून दिलीय स्वतः. ऊन छान लागतं म्हणाले. कठडा तेवढा दुरुस्तीला पाडून ठेवलाय, म्हणून मी अजून वर गेले नाही."

जमादाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "बघ ताई, माणूस बदलतो! तू एपिसोड पाहिलास ना?"

"पाहिला."

"कसा वाटला?"

ताई म्हणाली, "दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल," आणि फोन ठेवला. जमादार दिवसभर शीळ घालत फिरला. बावळटपणा फक्त भूमिकेपुरता असतो असं कुणी म्हटलंय?

आता चिरफाडीबद्दल सांगितलं पाहिजे. या मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. दर एपिसोडनंतरच्या रविवारी सकाळी ते बॅडमिंटनच्या हॉलमध्ये जमायचे आणि एपिसोड सोलून काढायचे. त्याला ते चिरफाड म्हणत. तिथं एपिसोड चांगला की वाईट याला कवडीचीही किंमत नव्हती. तिथं खुन्याच्या चुका काढायच्या. तो कुठं चुकला, काय करायला हवं होतं, म्हणजे सात जन्मांत सापडला नसता. लेखकाला व्यासपीठावर खुर्चीत बसवायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही, असा कडक नियम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कावीळवाला लेखक कानात कापूस घालून यायचा.

आणि या मंडळाचे अध्यक्ष होते दाजी. हार्डवेअरचं मोठं दुकान, रुंद छाती, मोकळं हसणं, कुणाच्या घरी नळ फुटला तर रात्रीबेरात्री माणूस पाठवणारे. मेहुणा मालिकेत म्हटल्यावर अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आलं होतं.

त्या रविवारी हॉल खचाखच भरला होता. ताई पहिल्या रांगेत बसली होती, लांब बाह्या, हात मांडीवर. दाजींनी जमादाराला मिठी मारून खुर्चीत बसवलं, पाठीवर थाप मारली आणि माईक हातात घेतला.

"तर मंडळी, खुन्याच्या चुका! कोण सुरुवात करतंय?"

सगळे एकदमच सुरू झाले. एक म्हणाला, बाई ओरडली तेव्हा शेजाऱ्यांनी ऐकलं, वॉशिंग मशीन लावून का नाही ठेवलं? दुसरा म्हणाला, डोकं फरशीवर आपटायचं तर एकदाच, तीन वेळा आपटलं की डॉक्टरला कळतं. तिसरी म्हणाली, फरशी ब्लीचनं पुसायला हवी होती, साध्या पाण्यानं काय होतंय! सगळे साधे लोक. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, कुणाला नातवंडं. एरवी रस्त्यात कुत्रं चिरडलेलं बघितलं तर जेवण जात नाही त्यांना. आणि इथं एका बाईला कसं नीट मारावं यावर हमरीतुमरीवर आले होते.

मागून सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई उठल्या. "इस्त्रीचा डाग साफ चुकलाय. भाजलेलं तसं लालभडक राहत नाही. पाणी धरतं, सोलतं, मग काळं पडतं. मेकअपवाल्याला कुणीतरी सांगा." लोकांनी माना डोलावल्या.

"आणि मला सांगा," एक तरुण मुलगी म्हणाली, "ती बाई राहतेच का तिथं? रोज मार खाते आणि सकाळी उठून चहा करते? मला नाही पटलं. इतकी बावळट बाई असूच शकत नाही."

"हो ना! मेली ते बरंच झालं!" कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

जमादारानं ताईकडे पाहिलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नियम म्हणजे नियम. तो ओठ चावून बसून राहिला.

मग शंकासुर उठला. मंडळात त्याला याच नावानं ओळखत. निवृत्त माणूस, दिवसभर शंका काढणे हा उद्योग. "मूळ चूक घाईची आहे," तो म्हणाला. "जी बाई कधी पडलीच नाही ती एकदम पडून मेली, तर संशय येणारच. आधी जमीन तयार करायला पाहिजे. चक्कर! तिला एकदोनदा डॉक्टरकडे न्यायचं, स्वतःच सांगायचं की पडते म्हणून. डॉक्टरची चिठ्ठी हातात असली की पुढे कोण विचारतंय?"

"हे तुम्ही सोमवारीच मंडळाच्या ऑनलाइन पानावर लिहिलं होतंत," दाजी म्हणाले. "मी लगेच वाचलं. मला फार पटलं."

जमादारानं झटकन वळून दाजींकडे पाहिलं.

"माझी एकच शंका," दाजी शांतपणे पुढे म्हणाले. "स्टूल केवढंसं. त्यावरून पडून माणूस मरेलच असं नाही. मग काय करायचं?"

"गच्ची!" तिघंचौघं एकदम ओरडले.

"कपडे वाळत घालताना!"

"कठडा नसेल तर सोन्याहून पिवळं!"

दाजी मनापासून हसले. ते वळले आणि त्यांनी माईक जमादारासमोर धरला. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. "लेखक महाशय, आता तुम्हाला बोलायला परवानगी. आमच्या सुधारणा मान्य आहेत ना?"

माणूस बदलतो, असं ताईला जमादारानंच सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडानं. खुनाचा कच्चा आराखडा त्यानं लिहून दिला, आणि या शे-दीडशे भल्या माणसांनी बसून तो पक्का करून दिला. त्यानं खुर्ची मागे ढकलली, सगळं बळ एकवटलं आणि दाजींच्या जबड्यावर मूठ हाणली.

मूठ चार बोटं अलीकडे थांबली.

हात तसाच हवेत राहिला. त्यानं पुन्हा हाणली. पुन्हा थांबली. अकरा वर्षांची सवय, हात त्याचं ऐकेचना. हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या पडल्या, फोन वर झाले. "जमादार! जमादार!" पोरं ओरडायला लागली. लोकांना वाटलं, खास त्यांच्यासाठी बसवलेला प्रवेश आहे.

दाजींना असली काही सवय नव्हती. त्यांची मूठ जमादाराच्या नाकावर बसली आणि आतलं काहीतरी कडकन मोडलं. तो फटक्याच्या आधी पडला नाही, नंतर पडला. दाजींनी त्याची कॉलर धरून उचललं आणि पोटात गुडघा घातला. मग त्याचं तोंड खुर्चीच्या काठावर आपटलं, एकदा, दोनदा. एक दात जिभेवर आला. दाजी वाकून त्याच्या कानात कुजबुजले, "शीळसुद्धा लिहिलीस ना रे? घरी गेल्यावर तिला दाखवतो शीळ."

"रक्त जरा जास्तच लाल वाटतंय," शंकासुर म्हणाला.

"पण पडला मस्त!"

जमादार व्यासपीठावरून रांगत ताईकडे निघाला. दाजींनी त्याच्या बोटांवर बूट दिला. तो किंचाळला, आणि त्या किंकाळीनंतर टाळ्या जरा विरळ झाल्या, एवढंच.

तेव्हा ताई उठली. ती घाईनं उठली नाही. पायऱ्या चढून वर आली, दाजींच्या हातातून पडलेला माईक उचलला आणि नर्सबाईंना शोधत म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणालात ना, भाजलेलं कसं दिसतं ते. या, बघा." आणि तिनं बाही खांद्यापर्यंत वर केली.

डाग एकच नव्हता. जमादारानं एकच पाहिला होता. कोपरापासून खांद्यापर्यंत टोकं होती, जुनी काळी, मधली तपकिरी, आणि एक ओली.

"मेकअप झकास!" मागून एकजण ओरडला.

नर्सबाई वर आल्या. त्यांनी ताईचा हात हातात घेतला, उजेडाकडे धरला, ओल्या डागाच्या कडेला बोट लावलं. ताईनं श्वास आत ओढला. नर्सबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा मेकअप नाही," त्या म्हणाल्या. माईक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"हिचं सोंग आहे ते," दाजी हसत म्हणाले. "भाऊ नट, बहीण नटी." त्यांनी ताईचा दंड धरला, नेमका डागावर, आणि पिळला. ताई ओरडली नाही. तिला ती सवयच नव्हती. पण ज्या सहजपणानं तो हात त्या जागी गेला ते पहिल्या रांगेनं पाहिलं.

पहिला फटका नर्सबाईंचा. हातातली स्टीलची पाण्याची बाटली त्यांनी दाजींच्या कानशिलावर घातली. दुसरा कुणाचा हे कुणालाच कळलं नाही, कारण तोवर अख्खा हॉल व्यासपीठावर चढला होता. खुर्च्या हवेत गेल्या. ज्या पोरांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी दाजींना पाय धरून खाली ओढलं. ती पटत नाही म्हणणारी मुलगी रडत रडत लाथा घालत होती. शंकासुरानं आयुष्यात पहिल्यांदा काही शंका न काढता चप्पल हातात घेतली. दाजींचा जबडा निखळला, ओठ फाटला, बरगड्या मोडल्याचा आवाज जमादारानं जमिनीवर पडल्या पडल्या ऐकला. मागच्या रांगेतले लोक "काय झालं, कोण आहे?" असं विचारत होते आणि उत्तर यायच्या आधीच हाणत होते.

जमादाराला गार वाटलं. खोटं कशाला बोला, मनापासून गार वाटलं. आपल्या हाताला जे जमलं नाही ते हे शंभर हात करताहेत, करू देत. पण मार थांबेना. दाजींचं ओरडणं थांबलं, विव्हळणं थांबलं, तरी थांबेना. कुणीतरी म्हणालं, "डोक्यावर नको रे, डोक्यावर नको, मरेल!" दुसरा म्हणाला, "मग मरू दे की!" एक माणूस एका हातानं मारत होता आणि दुसऱ्या हातात फोन धरून तेच टिपत होता. हेच ते आवाज, हेच ते चेहरे, आणि तोच उत्साह. आता जमादाराची पाचावर धारण बसली. तो ओरडायला लागला, "अरे सोडा, मरतोय तो!" पण फुटक्या नाकातून आणि दात पडलेल्या तोंडातून काय आवाज निघणार?

ताई गर्दीच्या कडेला उभी राहून बघत होती. ती रडत नव्हती आणि अडवतही नव्हती. थोड्या वेळानं तिनं माईक तोंडाशी नेला आणि म्हणाली, "पुरे आता. मला तो जिवंत हवाय. मला अजून सांगायचंय."

गर्दी हळूहळू मागे सरली. पुन्हा नर्सबाईच पहिल्या पुढे झाल्या. ज्या हातानं बाटली घातली त्याच हातानं त्यांनी दाजींची नाडी धरली आणि रुग्णवाहिका बोलवा म्हणून ओरडल्या. लोकांनी पडलेल्या खुर्च्या उचलून सरळ लावायला सुरुवात केली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दवाखान्यात जमादाराच्या ओठाला टाके घातले, नाकात बोळे कोंबले, दोन बोटं पट्टीत बांधली. दाजी वरच्या मजल्यावर होते. जबडा तारेनं बांधलेला, दाराशी पोलीस. जगतील असं डॉक्टर म्हणाले. चौकशीला आलेल्या फौजदारानं बाकावर बसलेल्या जमादाराला पाहिलं आणि हा आपल्या खात्यातलाच, या टीव्ही बघून लागलेल्या सवयीनं फौजदाराचा हात सलामासाठी अर्धा वर गेला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. "बाईंचा जबाब घ्यायचाय, दोन मिनिटांत बोलावतो," असं म्हणून तो समोरच्या खोलीत शिरला.

फोनवर चाहते पेटले होते. हॉलमधली मारामारी सगळीकडे फिरत होती. कुणी म्हणत होतं, हाच खरा एपिसोड. कुणी म्हणत होतं, शेवट अजून कडक हवा होता. जमादारानं फोन बंद केला.

ताई शेजारी बसली होती. तिच्या हाताला मलम लावून पट्टी बांधली होती, आणि ती पट्टी कुणापासून लपवायची नाही हे अजून तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं. ती सारखी बाही ओढत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार ना."

"मला का मारलंस रे?"

जमादार दचकला. "ताई, मी कधी तुला..."

"एपिसोडमध्ये."

"ती तू नव्हतीस गं. ती आपली अशीच एक..."

"मला शिकवू नकोस. ती माझ्यासारखी चालत होती, माझ्यासारखी बोलत होती. आरशापुढे केस बांधताना ती थांबली, तशी मीच थांबते. तू सगळं बरोबर लिहिलंस. आणि मग मला फरशीवर आपटून मारलंस. मी ते यांच्या शेजारी बसून पाहिलं. टाळ्या वाजवत होते हे." ओढत असलेली बाही तिनं सोडून दिली. "आठवडाभर विचार करतेय मी. त्या पोरीनं आज विचारलं, ही बाई घर का सोडत नाही. मला विचारायचं होतं, लिहिणाऱ्यानं तिला सोडू का दिलं नाही? त्याच्या हातात होतं ना?"

जमादाराचे टाके ओढले गेले. "ताई, मालिका खुनांची आहे. बाई घर सोडून गेली तर एपिसोड कसला? एक तरी खून लागतोच."

"लागतो ना?" ताई म्हणाली. "मग त्याला मारायचंस."



फौजदारानं दार उघडून हाक मारली. ताई उठली. जमादारही उठायला लागला तसा तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "तू नको. माझं मी सांगते." ती आत गेली आणि दार लागलं.

जमादार बाकावर बसून राहिला. तो एपिसोड त्यानं किती वेळा लिहिला, किती वेळा खोडला. तिला कुठं पाडायचं, कशानं मारायचं, मेल्यावर ती कशी दिसेल, यावर त्यानं जिवाचं रान केलं होतं. ज्या बहिणीनं त्याला वाढवलं तिला त्यानं पंचवीस तऱ्हांनी मारून पाहिलं होतं. तिच्याऐवजी दुसरं कुणी मरू शकतं, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आतून ताईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती थांबत नव्हती.